शेरा

जिंतूर रोडला, पाण्याच्या टाकीच्या मागं,
दारावरचा गट नंबर खोडून पुन्हा लिहिलेलं घर.
तीन खोल्या. वर पत्रे नाहीत, स्लॅब.
एजंट घुगे गाडीवरूनच सांगत आलेला,
"एकदम टकाटक हाय साहेब, तुम्ही निस्ती सही करा."

बँकेच्या फॉर्मवर अकरा रकाने.
लांबी, रुंदी, समोरचा रस्ता किती फुटांचा.
नववा रकाना : दिसणारे दोष.
अठरा वर्षांत त्यात मी बहुतेक वेळा
एक आडवी रेघ मारली.
रेघ मारायला जीभ लागत नाही.

सकाळीच कारेगाव रोडचं एक घर बघून आलो होतो.
रंग ओला. दारातच वास आडवा आला.
भिंतीवरची पुट्टी नवरदेवाच्या चुलत्यासारखी,
कारण नसताना हसणारी.
मी बोट टेकवलं, बोटाला रंग लागला.
मालक म्हणाला, "पाहुणे येणार होते, म्हणून मारला."
बोट रुमालाला पुसलं.
रेघ मारली.

इथं बैठकीत एक कॅलेंडर,
खिडकीच्या कोपऱ्याखाली, गुडघ्याच्या जरा वर.
तारीख बघायची तर उकिडवं बसावं लागेल.
घुगे त्याच्यापुढं पाय फाकवून उभा राहिला
आणि नळाबद्दल बोलू लागला :
आठवड्यातून एकदा येतो, पण येतो.
घेणारा अझहर, त्याचं बॅटऱ्यांचं दुकान आहे,
त्यालाही दिसलं. त्याच्या बायकोलाही. मलाही.
आणि आम्ही सगळे
नळाला मोटर लावावी लागते का, ते विचारत होतो.

तेवढ्यात प्रयागबाई चहा घेऊन आल्या.
सिव्हिलमधून रिटायर झालेल्या सिस्टर.
ट्रे ठेवला. "सरका हो घुगे.
हे मी नाही लावलं. आमच्या ह्यांनी लावलंय सकाळी."
आणि खिळ्यावरून कॅलेंडर काढलं.

तडा.
खिडकीतून निघून तिरपा खाली,
रुपया उभा जाईल एवढा.
त्याच्या टोकाशी पेन्सिलीच्या बारीक खुणा,
एकेकीपुढं तारीख :
सोळा मे. नऊ ऑक्टोबर. परत मे. परत ऑक्टोबर.
वॉर्डातल्या खाटेला टांगलेला तापाचा तक्ता असावा
तशी भिंत.

"खाली काळी माती," त्या म्हणाल्या,
"उन्हाळ्यात तोंड उघडती, पाऊस झाला की मिटती.
पायव्यात मुरूम भरायचा होता. पैसे नव्हते, नाही भरला.
चार वर्षं वाढत गेला. नंतरच्या सहा वर्षांत
हे बघा, नखाएवढाही सरकला नाही.
स्वयंपाकघराचं छत गळतं,
ते दाखवायचं राहिलंय अजून."

अझहर खाली बसला. तारखांवरून बोट फिरवत गेला.
"बीस," त्याची बायको म्हणाली. तिनं मोजल्या होत्या.
मग त्यानं भाव पाडून मागितला. मागणारच.
प्रयागबाईंनी मान हलवली,
हो म्हणाल्या का नाही, मला कळलं नाही.
चहात साखर जरा जास्त होती.

परतताना घुगे धुसफुसत होता,
"सिस्टरनं सौदा नासवला बघा."
मी हेल्मेटची काच खाली घेतली.

रात्री फॉर्म भरायला बसलो.
नववा रकाना दीड इंचाचा,
वीस तारखा त्यात मावेनात.
पान उलटून मागच्या बाजूला लिहीत गेलो,
छतासकट.

मग सकाळचा फॉर्म काढला.
नखाच्या कडेला पांढरा रंग अजून होताच.
माझी रेघ. इतकी वर्षं सरळ वाटलेली.
दिव्याखाली धरली तर
टोकाशी जराशी तिरपी उतरत गेलेली.

घरात पेन्सिल सापडेना.
मुलीच्या दप्तरातून घेतली,
आणि रेघ जिथं थांबली होती तिथं
बारीक खूण करून
आजची तारीख घातली.